सातपुड्याच्या पायथ्याला, रानपिंगळ्याच्या मागावर

शुक्रवार : रावेर ते शहादा

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने पश्चिमेकडे निघालं की उजव्या हाताचा सातपुडा काही सुटत नाही. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा. गावं मागे पडतात, डोंगर तसाच सोबत. डावीकडे तापीकाठची काळी जमीन. यावलपर्यंत केळीच केळी, चोपड्यापुढे कपाशी आणि हरभरा, शहाद्याकडे ऊस आणि पपई. आम्ही खानदेशी माणसं हा डोंगर जन्मभर बघतो. वर जायचं म्हणजे मनुदेवीला, उनपदेवच्या गरम झऱ्यावर, फार तर पालला. तेही पावसाळ्यात, आणि भरीत-पुरी खाऊन अंधार पडायच्या आत घरी. याच डोंगराच्या पायथ्याला एक लहानसं घुबड राहतं, आणि ते ११३ वर्षं पक्षी-अभ्यासकांना सापडत नव्हतं, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. केळी आणि कापसाबद्दल मात्र सगळं सांगितलं.

त्या घुबडाचं नाव रानपिंगळा. ते बघायचं म्हणून संक्रांत झाल्यावर निघालो. सोबत दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान. रावेरकडचे जुने केळीवाले, गाडी त्यांची, चालवणारही तेच. पक्ष्यांशी त्यांचा संबंध पिकाचं नुकसान करणारे आणि न करणारे इतकाच. "भाऊ, घुबड बघायला शहाद्याला कशाला? आमच्या गोडाऊनवर रोज बसतं," हे त्यांनी फैजपूर यायच्या आत तीनदा ऐकवलं. बहिणीने डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता, म्हणून मी वाद घातला नाही.

चोपडा सोडल्यावर अनेर नदीचा पूल लागतो. याच नदीवर वरच्या अंगाला अनेर धरण आणि त्याच्या भोवतीचं अभयारण्य आहे, धुळे जिल्ह्यातलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल कोण जाणे, कारण फलकापेक्षा शेजारच्या ढाब्याची पाटी मोठी. शिरपूरला चहा, मग सरळ शहादा. गोमाई नदीच्या काठचं हे गाव. मुक्काम बसस्थानकाजवळच्या एका साध्या लॉजवर. जेवायला शेवभाजी, आणि ती तिखट असणार हे सांगायची गरज नाही.

शहादा आणि शेजारचं तळोदा या दोन नावांना पक्षीशास्त्रात मोठं वजन आहे. ती गोष्ट दाजींना रात्री सांगितली, इथेही सांगतो, कारण त्याशिवाय या प्रवासाला अर्थ नाही.

१८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडमधल्या बसना भागात एक पिंगळा मारला. कातडं भरून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे पाठवलं. हा तोच ह्यूम, ज्याचं नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात पाठ केलेलं असतं. पक्ष्यांचा तो मोठा जाणकार होता. १८७३ मध्ये त्याने ही नवी जात म्हणून जाहीर केली आणि ब्लेविटचं नाव तिला दिलं. पुढे १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन हा सनदी अधिकारी खानदेशात होता. त्याने शहादा-तळोद्याच्या जंगलातून आणखी काही पक्षी मिळवले. शेवटचा १८८४ मधला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सातच नमुने, आणि त्यातले बरेचसे आमच्या मुलखातले. त्यानंतर सामसूम.

मध्ये एक गोंधळ झाला. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि नावाजलेला पक्षी-संग्राहक. त्याच्या संग्रहात १९१४ साली गुजरातेत मांडवीला मारलेला म्हणून एक रानपिंगळा होता. सगळ्यांत अलीकडची नोंद तीच, त्यामुळे शोधणारे तिच्या भरवशावर फिरत राहिले. सालीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनीही शोध घेतला, हाती काही लागलं नाही. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने माइनर्ट्झहॅगनचे नमुने एकेक करून तपासले. क्ष-किरणांखाली ठेवल्यावर उघड झालं की मांडवीचा म्हणून दाखवलेला पक्षी डेव्हिडसननेच खानदेशात मिळवलेला होता. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला, वर खोटी चिठ्ठी लावलेली.

खोटी चिठ्ठी बाजूला केल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं उरली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी छत्तीसगड-ओडिशाच्या बाजूला फिरले, तिथे काही मिळालं नाही, मग शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी पायथ्याच्या जंगलात, उघड्या फांदीवर, उन्हात तो बसलेला होता.

दाजींनी सगळं ऐकलं. "म्हणजे चोरी आपल्याकडच्या मालाची," एवढं म्हणून कूस बदलली.

शनिवार : म्हसावद, राणीपूर, तोरणमाळ

ओळखीतून म्हसावदच्या पुढच्या एका पाड्यावरचे पावरा आदिवासी दादा मिळाले होते. पन्नाशीचे, सडपातळ, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. आपसात पावरी, आमच्याशी अहिराणीत मराठी मिसळून. अभ्यासकांबरोबर ते बरीच वर्षं फिरलेत. पाड्यावर सगळी म्हातारी माणसं आणि पोरं दिसली. मधली पिढी ऊसतोडीला गुजरातेत, ती होळीला येईल. होळी हा इथला खरा सण, दिवाळीचं फारसं कौतुक नाही.

पाड्याजवळच्या आंब्यावर दाजींना घुबड दिसलं. "झालं! सापडलं! चला घरी." तो साधा ठिपकेवाला पिंगळा होता. डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा, मानेमागे पांढरा कंठ, आणि आमच्याकडे बघून खालीवर डुलणं. खानदेशातल्या कुठल्याही जुन्या वाड्यात, चिंचेत, पडक्या भिंतीत हा असतोच. दादा म्हणाले, "तो हाई न्हई. तो दिनले फिरस. मोठा झाडवर बसस."

दिवसा फिरतो, मोठ्या झाडावर बसतो. या दोन वाक्यांत रानपिंगळ्याचं बरंचसं शास्त्र आलं. बाकीची बहुतेक घुबडं दिवस उगवला की ढोलीत शिरतात किंवा पानांआड डोळे मिटून बसतात. हा सकाळच्या उन्हात राजरोस शेंड्यावर बसतो, दिवसाउजेडी शिकार करतो. इतका उघडा बसणारा पक्षी एवढी वर्षं कसा सापडला नाही, असं कुणीही विचारेल. एक कारण ती खोटी नोंद. दुसरं, त्याला हवं तसं जंगल फार थोडं उरलंय. तिसरं माझं स्वतःचं मत आहे: दादांच्या आजोबांना तो रोज दिसत असणार, त्यांना कुणी विचारलं नाही.

दुपारपर्यंत आम्ही ओढ्याच्या काठाकाठाने हिंडलो. जंगल म्हणून डोळ्यांसमोर जे हिरवं, दाट काही येतं ते इथे विसरायचं. जानेवारीत साग निम्मा बोडका, सालईला पान नाही, धावडा तांबूस. मधूनमधून अंजन, मोह, तेंदू, लेंडिया. खाली सागाची वाळकी पानं, पाय ठेवला की पापड मोडल्याचा आवाज. झाडं विरळ, मध्येच उतारावर ज्वारीची खुंटं उभी असलेलं शेत, शेताच्या बांधावर मोह राखलेला. वाघ-बिबट्याच्या सहलीला आलेला माणूस इथे पाच मिनिटांत कंटाळेल. रानपिंगळ्याला मात्र नेमकं हेच लागतं. मोकळी जमीन, तिच्यावर सरडे आणि सापसुरळ्या, बसायला उघडी फांदी, आणि घरट्यासाठी जुन्या झाडातली ढोली. स्वतः ढोली कोरायची ताकद त्याच्यात नाही. सुतार पक्ष्याने सोडलेली किंवा फांदी तुटून, खोड कुजून झालेलीच त्याला चालते.

दादांनी एक रोहनाचं झाड दाखवलं. खोडाचा घेर दोघांच्या कवेत न मावणारा, साल खवल्यांची, अर्धं झाड वाळलेलं. बऱ्याच वर्षांपूर्वी अभ्यासक याच झाडाखाली दुर्बीण लावून बसत, म्हणाले. आता ढोलीत मधमाश्या होत्या. आणि बुंध्याशी, गुडघ्याइतक्या उंचीवर, कुऱ्हाडीचे ताजे घाव. ढोली असलेलं, अर्धवट वाळलेलं झाड सरपणासाठी पहिलं जातं, कारण ते कुणाच्याच हिशेबात नसतं. वनखात्याच्या दृष्टीने त्याला इमारती मोल नाही, माणसाच्या दृष्टीने ते मेलेलंच. नवी सागाची लागवड कितीही सरळ रांगेत केली तरी तिच्यात ढोली पडायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातील.

काळपट पट्ट्यांचा जंगल पिंगळा दोनदा दिसला, त्याची ती वाढत जाणारी गुरगुर अख्ख्या नाल्यात घुमली. टकाचोर, हळद्या, एका बांधावर मोर. रानपिंगळा नाही. माझ्या मोबाइलमध्ये त्याचा आवाज आहे. तो वाजवला तर नर हद्दीत दुसरा आला म्हणून धावून येतो, आणि बरेच फोटोवाले तेच करतात. जानेवारी म्हणजे त्याच्या विणीचे दिवस. मादी अंड्यांवर आणि नर तिला चारायचं सोडून मोबाइलशी भांडतोय, हे मला पटत नाही. मोबाइल गाडीत ठेवला.

संध्याकाळी तोरणमाळ. सातपायरीचा घाट चढताना दाजी प्रथमच गप्प होते, कारण वळणं त्यांनाही नवी होती. वर हजार मीटरच्या पुढे पठार, यशवंत तलाव, गोरखनाथाचं मंदिर. महाशिवरात्रीच्या यात्रेला इथे पाय ठेवायला जागा नसते, आत्ता कुत्री सोडून कुणी नव्हतं. थंडी अशी की शेकोटी सोडवेना.

शेकोटीपाशी दादांना घुबडाच्या अपशकुनाबद्दल विचारलं. त्यांनी टाळलं नाही. रात्री घराच्या कौलावर घुबड बोललं की घरात कुणीतरी आजारी पडतं, असं मानतात. बडव्याकडे, म्हणजे भगताकडे, नखं आणि पिसं असतात. मग थोडं थांबून म्हणाले की शहरातली माणसंच दिवाळीच्या आधी येतात आणि घुबड मिळेल का विचारतात. पाड्यावरचा कुणी पैशासाठी पक्षी धरत असेल, पण तो घेणारा गाडी घेऊन खालून येतो. लक्ष्मीपूजनाला घुबडाचा बळी दिला की धन येतं, या समजुतीपायी देशभर घुबडांचा चोरटा व्यापार चालतो. रानपिंगळा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. कागदावर.

रविवार : पुन्हा खाली

पहाटे गवतावर पांढरा थर होता. दव गोठलेलं. दाजींनी गाडीच्या काचेवरून बोटाने खरवडून बघितलं आणि लगेच घरी व्हिडिओ कॉल लावला. केळीवाल्याला असं दव म्हणजे धडकी भरवणारी गोष्ट. दहा अंशांच्या खाली पारा गेला की घड पोसत नाही, पानं करपतात. बागेत धूर करायला सांगून झाल्यावरच ते गाडीत बसले.

घाट उतरून पायथ्याला पोचलो तेव्हा ऊन नुकतं झाडांच्या शेंड्यांना लागलं होतं. जागा कुठली ते लिहिणार नाही. इतकंच सांगतो की पाड्यापासून चालत पंधरा मिनिटं, एका बाजूला शेत आणि दुसऱ्या बाजूला ओढा. दादांनी कान दिला. मला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आलं, ‘ऊऽव्व’ असा आखूड, मऊ हुंकार, थोडं थांबून पुन्हा. जंगल पिंगळ्यासारखी कटकट नाही.

वाळक्या सालईच्या सगळ्यांत वरच्या फांदीवर तो बसला होता. उन्हाकडे तोंड करून.

दुर्बिणीतून पहिलं काही जाणवतं ते डोकं. वीत-सव्वा वीत शरीराला जरा मोठंच. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर असतात ते पांढरे ठिपके इथे नाहीतच म्हणा, एकसारखं राखी-तपकिरी. चोच जाड, पिवळसर. छातीवर तपकिरी रंगाचा भरीव पट्टा, त्याखाली पोट एकदम पांढरं. पाय थेट बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी भरलेले आणि नखं या आकाराच्या पक्ष्याला शोभणार नाहीत इतकी दणकट. पंखांवर आणि शेपटीवर गडद आणि पांढरे पट्टे, अगदी ठळक. आणि शेपटीची ती सवय! डावीकडे एक झटका, उजवीकडे एक झटका. मध्येच थांबायचं, आमच्या दिशेने बघायचं, पुन्हा झटका. माणसांची त्याला फार काळजी नव्हती.

बराच वेळ काहीच घडलं नाही. दाजींनी तंबाखूची डबी काढली, दादांनी हाताने खूण केली, दाजींनी डबी ठेवली. मग पक्ष्याने मान खाली वळवली. तसाच ताठ बसून, मान एकाच ठिकाणी रोखून. आणि दगड टाकावा तसा खाली गेला. सागाच्या पानांत खसपस झाली. वर आला तेव्हा चोचीत सापसुरळी होती, शेपूट अजून वळवळत होती. आधी जाड फांदीवर आला, पायाखाली दाबून तिचं डोकं चिरडलं. आम्हाला वाटलं आता खाईल. त्याने खाल्लं नाही. ओढ्यापलीकडच्या एका लेंडियाच्या झाडावर जाऊन हलकेच बोलला. खोडात वरच्या अंगाला एक काळं भोक होतं, त्यात दोन पिवळे डोळे दिसले. मादीने अर्धं अंग बाहेर काढलं, सापसुरळी घेतली आणि आत गेली. सगळं मिळून दहा-बारा सेकंद.

"बायकोला डबा," दाजी पुटपुटले. त्यांचा आवाज दोन दिवसांत पहिल्यांदाच खाली होता.

दादा म्हणाले, आता निघायचं. फोटो मी दोनच काढले, तेही सालईवरच्या नराचे. ढोलीकडे कॅमेरा वळवला नाही. मादी अंड्यांवर असताना सगळं अन्न नरच आणतो. महिनाभर अंडी उबवायची, मग महिनाभर पिल्लं ढोलीत. या दोन महिन्यांत माणसांची ये-जा वाढली तर नर यायला कचरतो, आणि घोरपड, रानमांजर, कावळे बघत असतातच. माणसांना मार्ग कळला की तो त्यांनाही कळतो, असं दादा म्हणाले. त्या पक्ष्याला देवघरात बसवायचंही कारण नाही. रानपिंगळ्याच्या नराने स्वतःचंच पिल्लू खाल्ल्याची नोंद अभ्यासकांनी करून ठेवली आहे. जंगलाचं गणित वेगळं आहे.

परतताना दादांच्या घरी नागलीची भाकरी, उडदाची डाळ. ओसरीत कढईत मोहाची वाळकी फुलं होती, गेल्या हंगामातली. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळायला लागतो, तेव्हा फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. आग कधीकधी हाताबाहेर जाते. पाला गेला की सरडे-सापसुरळ्या गेल्या, आणि ढोलीचं झाड आतून वाळकं असल्यामुळे चुलाण्यासारखं पेटतं. उशिरा वीण झाली असेल तर तेव्हा पिल्लं आत असतात. दादा आता मोहाखाली जाळ करत नाहीत, खराट्याने झाडून घेतात. "पाड्यावर आणखी कोण?" असं विचारलं तर हसून म्हणाले, "धाकला भाऊ. बाकीसले वेळ न्हई." मोहाची फुलं पहाटे गळतात, दिवस वर आला की गुरं खातात, झाडत बसायला खरंच वेळ कुणाला आहे?

इथे शहरातून आलेल्या माझ्यासारख्याने उपदेश करायचा मोह आवरावा लागतो. या डोंगरातली पोटापुरती शेतं कित्येक पिढ्यांची आहेत, २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांतली बरीच आता नावावर झाली. पक्षी याच शेतांच्या काठाला राहतोय. माणसं हलवून कुंपण घालायचा विचार कागदावर सुटसुटीत दिसतो, पण शोध लागला तेव्हाही रानपिंगळा माणसांच्या शेजारीच होता. प्रश्न कुठलं झाड तोडायचं आणि कुठलं ठेवायचं याचा आहे, आणि तो मुंबई-पुण्यात बसून सुटणारा नाही. तोरणमाळचा परिसर संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालाय, यात गावकऱ्यांना सोबत घेऊन काम करायची सोय कायद्यानेच ठेवलेली असते. ती किती वापरली जाते, हे दादांसारख्यांच्या हाताला काम किती मिळतं त्यावरून कळेल. आमच्यासारखे पाहुणे आले की मिळतं, तेवढंच, असं ते म्हणाले.

सोमवार : पालमार्गे घरी

परतीला दाजींना घाई होती, दवामुळे. तरी यावलवरून पालचा फाटा घ्यायला ते तयार झाले, हे मला अनपेक्षित होतं. यावल अभयारण्य १९६९ मधलं, सुमारे १७५ चौरस किलोमीटरचं. रानपिंगळा इथेही नोंदला गेलाय. १९९७ नंतर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी, पुढे गिरीश जठार यांनी आणि पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कॉन्झर्वेशन सोसायटीच्या प्राची मेहता, जयंत कुलकर्णी यांनी सातपुडा पिंजून काढला. तोरणमाळ, यावल, मेळघाट, पलीकडे मध्य प्रदेशात खंडवा-बऱ्हाणपूर, अशा जागा सापडत गेल्या. मेळघाटात सगळ्यांत जास्त. २०१४ मध्ये तर थेट मुंबईजवळच्या तानसाला दिसला. त्यामुळे २०१८ मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’मधून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. लोकांना वाटलं संख्या वाढली. वाढली ती आपली माहिती; प्रौढ पक्षी आजही हजाराच्या आतच धरतात.

पालच्या वाटेवर सुकी नदीच्या बाजूला उतरलो. सालईच्या खोडांवर डिंकासाठी पाडलेल्या खाचा, एकावर एक, काही अगदी गाभ्यापर्यंत. वनरक्षक भेटले, तरुण, परजिल्ह्यातले. त्यांनी त्यांच्या बीटातल्या, म्हणजे राखणीच्या हद्दीतल्या, ढोल्यांच्या झाडांची यादी वहीत ठेवली होती. कुणी सांगितलं म्हणून नाही, बदली होऊन येणाऱ्या पुढच्याला कळावं म्हणून. झाडाचा प्रकार, ओढ्यापासून अंतर, ढोलीची उंची, आत कोण राहतं. पोपट, धनेश, साधा पिंगळा. दोन ठिकाणी रानपिंगळा, पुढे प्रश्नचिन्ह. रानपिंगळ्यासाठी मी आजवर बघितलेलं सगळ्यांत कामाचं कागदपत्र ते होतं, आणि ते शाळकरी वहीत, निळ्या पेनाने लिहिलेलं.

दाजींनी त्यांना विचारलं, "साहेब, हा उंदीर खातो का?" खातो, म्हणाले. उंदीर, चिचुंद्री, सरडे, टोळ, लहान पक्षी. "आणि उंदराचं औषध खाल्लेला उंदीर खाल्ला तर?" वनरक्षकांनी नुसतं बघितलं. दाजींच्या बागेत दरवर्षी झिंक फॉस्फाइड टाकतात, आणि रावेर तालुक्यात असं करणारे ते एकटेच नाहीत. विषारी उंदीर खाणारं घुबड मरू शकतं, हे शेतावर राहणाऱ्याला पुस्तकातून शिकायची गरज नसते. फैजपूर येईपर्यंत दाजी औषधाऐवजी पिंजरे लावले तर मजुरी किती वाढेल, याचा हिशेब करत होते. हिशेब जमला नाही. निदान डोंगराच्या बाजूच्या पाच एकरात लावून बघू, इथवर आले. बघू या.

कुणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी सकाळी जावं, शहाद्याहून तोरणमाळला ५०-५५ किलोमीटर, एसटी आहे पण मोजक्या फेऱ्या, स्वतःची गाडी असलेली बरी. वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. स्थानिक माणूस सोबत घ्यावा आणि त्याचा रोज ठरवताना घासाघीस करू नये. आवाज वाजवू नये, ढोलीचे फोटो टाकू नयेत, जागेचं लोकेशन तर नाहीच. आणि दाजींसारखं कुणी सोबत असेल तर कळण्याच्या भाकरी जास्त घ्याव्यात, दुपारपर्यंत पुरत नाहीत.